सात सीटर ऑटोमॅटिकचे झटके आणि भोसरीचं हे गिअरबॉक्स गॅरेज

ज्यांच्याकडे ऑटोमॅटिक सात सीटर आहे आणि गिअर बदलताना गाडी दणका देते त्यांनी हे जरा पूर्ण वाचा, कारण याच तक्रारीवरून आम्हाला अख्खा गिअरबॉक्स बदलायला सांगितलं होतं आणि तो शेवटी बदलावा लागला नाही. रिव्ह्यू भोसरी एमआयडीसीतल्या या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या गॅरेजचा आहे, पण नुसते पाच स्टार देऊन "बेस्ट सर्व्हिस" लिहून कुणाचं भलं होत नाही, त्यांनी नेमकं काय तपासलं आणि कुठल्या क्रमाने ते सांगायलाच पाहिजे, त्यामुळे लांबण लागणार आहे.

गाडी डिझेल, सहा गिअरची टॉर्क कन्व्हर्टरवाली (म्हणजे इंजिनची ताकद ऑइलमधून गिअरबॉक्सला देणारी) ऑटोमॅटिक, लाखाच्या वर पळालेली. कंपनीचं नाव मुद्दाम टाकत नाही, गाडी चांगली आहे आणि हे सगळं कुठल्याही कंपनीच्या अशा गिअरबॉक्सला लागू होतं. घरात मोठी गाडी ही एकच. सासू-सासरे, दोन मुलं, नणंद आली की तिची मंडळी, वाईला गावी जाणं-येणं, तिथून पसरणी घाट चढून पाचगणी, सगळं हिच्यावरच, आणि चालवते मुख्यतः मीच. सासऱ्यांचं गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, ते मधल्या सीटवर पाय लांब करून बसतात, आणि गेल्या पावसाळ्यानंतर सिग्नलवरून निघालं की दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना असा दणका बसायला लागला की ते वरचं हँडल धरूनच बसायचे. बोलायचे काही नाहीत. पण आरशात मला दिसायचं ना.

आधी नेली ती सर्व्हिस सेंटरला, नाव नको. स्कॅनर लावला, बिघाडाचा एकही कोड आला नाही, तरी अ‍ॅडव्हायझर म्हणाला आतून गेलाय, आम्ही उघडून दुरुस्ती करत नाही, असेंब्लीच बदलावी लागेल, आणि अंदाज दिला दोन लाखांच्या पुढचा. ऑइल बदलून बघू का विचारलं तर म्हणे हे लाइफटाइम ऑइल आहे, बदलायचं नसतं. मला राग याचा आला की एकानेही गाडी चालवून बघितली नाही. झटका कधी बसतो, कुठल्या गिअरला बसतो, हे कुणी विचारलंच नाही, आणि जे काही बोलायचं ते सगळं माझ्या नवऱ्याकडे बघून, जो ही गाडी महिन्यातून एखाद्या वेळी चालवतो.

मग ऑफिसमधल्या एका मैत्रिणीने या गॅरेजचा नंबर दिला. फोनवर खर्च विचारला तर काकांनी (गॅरेजचे मालक, सगळे त्यांना काकाच म्हणतात) सरळ सांगितलं की बघितल्याशिवाय आकडा सांगणार नाही, गाडी रात्रभर उभी ठेवा आणि सकाळी गार असताना आणा. मला इथेच बरं वाटलं. गेल्यावर काका शेजारच्या सीटवर बसले आणि म्हणाले, "ताई, तुम्हीच चालवा, रोज चालवता तशी, मी बसलोय म्हणून हळू नका मारू." नवरा मागे. टेल्को रोडला एक मोठा फेरा मारला, येताना ट्रॅफिकमधून आलो, आणि सगळा वेळ त्यांचे प्रश्न चालू. गार असताना होतं की गरम झाल्यावर? झटक्याच्या आधी आरपीएम वर जातो का? आर (रिव्हर्स) टाकल्यावर गाडी लगेच धरते की क्षणभर थांबते? अ‍ॅक्सिलरेटर सोडल्यावरही आवाज येतो का? मी सांगत गेले आणि ते पाटीवर खडूने लिहीत गेले, खरंच पाटी आहे त्यांच्याकडे, प्रत्येक गाडीची एक.

परत आल्यावर त्यांनी जे समजावलं ते मला आजपर्यंत कुणी सांगितलं नव्हतं. आपण सगळ्याला "झटका" म्हणतो पण त्यात निरनिराळे आजार असतात. एक म्हणजे पी (पार्किंग) मधून डी (ड्राइव्ह) किंवा आर टाकताना उभ्या गाडीला बसणारा धक्का. दुसरा म्हणजे चालत्या गाडीत गिअर बदलताना आरपीएम मधेच उगाच वर उडतो, गाडी क्षणभर मोकळी सुटल्यागत होते आणि मग दणकन पुढचा गिअर पडतो, याला ते फ्लेअर म्हणतात. तिसरा म्हणजे साठ-ऐंशीच्या स्पीडला हलका पाय ठेवून चाललं की रम्बल स्ट्रिपवरून गेल्यासारखी बारीक थरथर, तो टॉर्क कन्व्हर्टरच्या लॉकअपचा, म्हणजे त्याच्या आतल्या क्लचचा प्रकार. आणि कधी कधी यातलं काहीच नसतं, इंजिनच मिस मारत असतं किंवा थ्रॉटलला काजळी धरलेली असते आणि आपण शिव्या गिअरबॉक्सला घालतो. आमच्या गाडीत पहिले दोन होते, म्हणजे दोन वेगळी कारणं एकाच वेळी, म्हणून तर सगळं मिळून गिअरबॉक्स संपला असं वाटत होतं.

पहिल्याचं कारण सापडायला फार वेळ लागला नाही. बॉनेट उघडला, गॅरेजमधल्या पोराला ब्रेकवर पाय दाबून बसवलं, हँडब्रेक ओढला, चाकांना लाकडी ठोकळे लावले आणि त्याला डी, एन, आर, एन, डी असं हळूहळू करायला लावलं. मला बाजूला, गाडीच्या तोंडासमोरून लांब उभं केलं आणि म्हणाले इंजिनकडे बघा. आर पडला की अख्खं इंजिन एका अंगावर उचलायचं आणि परत बसताना खालून "धप्". मग रॅम्पवर घेऊन गिअरबॉक्सखालचा माउंट (त्याला गाडीच्या सांगाड्यावर धरणारा रबरी आधार) दाखवला, रबर धातूपासून पूर्ण सुटलेलं, बोट आत जात होतं. एवढ्या मोठ्या दणक्याचा निम्मा भाग हे एक रबर होतं! सर्व्हिस सेंटरला गाडी खालून बघितली असती तर टॉर्च मारताक्षणी दिसलं असतं, स्कॅनरला ते दिसणार कुठून, रबर फाटल्याचा कोड नसतो.

दुसऱ्यासाठी त्यांनी ऑइल काढून बघूया म्हटलं, आणि हा भाग मी उभी राहून पूर्ण बघितला. चेंबर (गिअरबॉक्सच्या तळाचं ऑइलचं भांडं) खोलायच्या आधीच काकांनी चेंबरच्या कडेला बोट फिरवून दाखवलं, गॅस्केटमधून ऑइल झिरपत होतं, थेंब पडण्याइतकं नाही त्यामुळे पार्किंगमध्ये डाग कधी दिसलाच नाही, पण त्या ओलीवर धूळ बसून चिखल झाला होता. म्हणजे ऑइल जुनं तर होतंच, वर कमीही झालेलं. खाली काढलं तर काळपट तपकिरी. टिश्यू पेपरवर एक थेंब जुन्याचा टाकला आणि शेजारी एक थेंब नव्याचा, नवा गुलाबीसर लाल पसरला, जुना मधे काळा गोळा धरून बसला. वास घेऊन दाखवला, म्हणाले जुनं आहे पण जळका वास नाही, जळका असता तर मी तुम्हाला आत्ताच वेगळं बोललो असतो.

मग चेंबरमधली चुंबकं. यासाठी मी एवढं लिहितेय. ऑटोमॅटिकच्या चेंबरमध्ये छोटी चुंबकं ठेवलेली असतात, झिजलेलं लोखंड धरून ठेवायला. आमच्या चुंबकांवर करड्या मलमासारखा थर होता, काकांनी तो अंगठ्यावर घेऊन दुसऱ्या बोटाने चोळला आणि माझ्याही बोटावर दिला. कणी लागली नाही. मऊ. म्हणाले ही नेहमीची झीज आहे, लाख किलोमीटरला एवढी निघणारच, यात चमकणारी तासं किंवा तुकडे लागले असते तर मात्र उघडायलाच पाहिजे होता. दोन लाखांचा निर्णय या एका चिमटीवर होता आणि तो घ्यायच्या आधी कुणीतरी चेंबर खोलून बघायला नको का?

ऑइलने झटका कसा काय बसतो हा माझा प्रश्न होता तर त्यांनी व्हॉल्व्ह बॉडीचा (ऑइलच्या वाटा असलेला गिअरबॉक्समधला भाग) एक जुना नग टेबलावर ठेवून समजावलं. या गिअरबॉक्समध्ये गिअर बदलतो म्हणजे आत एक क्लचचा जुडगा सुटतो आणि दुसरा आवळतो, आणि आवळण्याचं काम ऑइलच्या दाबाने होतं. दाब किती आणि कधी सोडायचा ते सोलेनॉइड (विजेवर चालणारे छोटे व्हॉल्व्ह) ठरवतात आणि त्यांना हुकूम कॉम्प्युटर देतो. ऑइल कमी असलं की पंप हवा ओढतो, दाब वेळेत भरत नाही, जुना क्लच सुटलेला आणि नवा अजून धरलेला नाही, तेवढ्यात आरपीएम उडतो, मग एकदम धरतो. जुन्या ऑइलमधली घर्षण सांभाळणारी द्रव्यं संपलेली असतात त्यामुळे धरतानाही गुळगुळीत धरत नाही. गरम झाल्यावर ऑइल पातळ होतं म्हणून आमचा त्रास वीस-पंचवीस मिनिटांनी वाढायचा. सगळं जुळत होतं.

लाइफटाइम ऑइलबद्दल मी विचारलंच. त्यांचं म्हणणं, लाइफटाइम म्हणजे कुणाचं लाइफ ते विचारा. झेडएफ ही जर्मन कंपनी स्वतः ऑटोमॅटिक गिअरबॉक्स बनवते आणि तीच ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटर किंवा फार तर ८ वर्षांनी ऑइल बदला म्हणते. आपल्याकडे उन्हाळा, ट्रॅफिक, एसी आणि सात माणसं घेऊन घाट म्हटल्यावर त्याच्याही आधीच बदललेलं बरं.

ऑइल कुठलं घालायचं यात मात्र ते फार कडक आहेत आणि ते मला आवडलं. गाडीच्या मॅन्युअलमधला स्पेसिफिकेशनचा कोड बघितला, तेच सीलबंद कॅन मागवले, माझ्यासमोर सील फोडलं. मी ऐकलं होतं की "सगळ्याला चालणारं" ऑइल स्वस्तात मिळतं, तर म्हणाले ते मी घालत नाही, हवं तर दुसरीकडे जा. टोयोटाचंच घ्या, त्यांचं जुनं टी-फोर आणि नंतरचं डब्ल्यूएस एकमेकांच्या जागी चालत नाहीत. होंडाने झेड-वनच्या जागी डीडब्ल्यू-वन आणलं पण होंडाच्याच सीव्हीटीला (ठरावीक गिअर नसलेली, पट्ट्यावर चालणारी ऑटोमॅटिक) ते चालत नाही, तिला एचसीएफ-टू लागतं. एकाच कंपनीत ही गत, मग एक कॅन सगळ्यांना कसा चालेल.

आणि एकदा काढून घातलं की झालं असंही नसतं. चेंबरमधून जे निघतं ते एकूण ऑइलच्या निम्म्याहून कमी असतं, बाकीचं टॉर्क कन्व्हर्टर आणि कूलरच्या पाइपात राहतं. त्यामुळे त्यांनी नवीन गॅस्केट आणि स्ट्रेनर (ऑइलची गाळणी) टाकून भरलं, गाडी चालवायला दिली, काही दिवसांनी परत बोलावून काढलं आणि परत भरलं. मशीन लावून दाबाने फ्लश करणारे असतात, काका ते करत नाहीत, जुन्या गिअरबॉक्समधला साचलेला गाळ दाबाने सुटून व्हॉल्व्ह बॉडीत अडकू शकतो म्हणून. यात खर्च आणि हेलपाटा थोडा वाढतो हे खरं, पण मला पटलं.

लेव्हल लावायची पद्धत तर मी व्हिडिओ काढून ठेवलाय. आमच्या गिअरबॉक्सला डिपस्टिक नाही. गाडी रॅम्पवर अगदी सपाट, इंजिन चालू, सगळे गिअर एकेकदा फिरवून परत पी मध्ये, स्कॅनरवर ऑइलचं टेंपरेचर चालू ठेवलेलं, आणि ते ४० च्या आसपास आलं की खालचा ओव्हरफ्लोचा नट काढला. आधी धार आली. धार बारीक होत होत तुटक थेंबांवर आली तेव्हा नट बंद, बास. फार गरम असताना केलं तर ऑइल फुगलेलं असतं आणि प्रत्यक्षात कमी राहतं, गार असताना केलं तर जास्त होतं. जास्त झालं तरी फेस होऊन त्रासच. किती सेल्सिअसला बघायचं ते प्रत्येक गिअरबॉक्सचं वेगळं असतं, म्हणून आपल्या गाडीला कुणी नुसतं "चार लिटर टाकले" म्हणत असेल तर टेंपरेचर बघितलं का एवढं विचाराच.

शेवटी स्कॅनरवरून अ‍ॅडाप्टेशन रीसेट. कॉम्प्युटर झिजलेल्या क्लचला आणि जुन्या ऑइलला सांभाळून घ्यायला शिकलेला असतो, नवीन ऑइल पडल्यावर त्याला परत शिकवावं लागतं. त्यासाठी हलक्या पायाने एकेक गिअर वर न्यायचा, मग हळूच थांबायचं, असं रिकाम्या रस्त्यावर बरंच केलं. सुरुवातीला गाडी उलट जास्तच ओढाताण करत होती आणि मी घाबरले, पण काकांनी आधीच सांगून ठेवलं होतं की काही दिवस असं वाटेल. आणि तसंच झालं, हळूहळू सुधारत गेली. बॅटरी बदलल्यावरही काही गाड्यांत असंच होतं म्हणे, त्यामुळे बॅटरी बदलल्याच्या दुसऱ्या दिवशी झटके सुरू झाले असतील तर लगेच गिअरबॉक्सच्या मागे लागू नका.

इथे एक सांगायला पाहिजे, सगळ्या ऑटोमॅटिक सारख्या नसतात. ट्रायबरची एएमटी असेल तर ती आतून मॅन्युअलच, क्लच मशीन दाबतं, पहिल्यातून दुसऱ्यात जाताना थोडं डोकं पुढे जाणारच, गिअर बदलायच्या वेळी पाय हलका सोडला की बरंच कमी होतं. कॅरेन्सच्या ड्युअल क्लचवाल्याला ट्रॅफिकमध्ये इंचाइंचाने सरकवत ठेवलं की क्लच तापतात, ब्रेक धरून गॅप पडू द्यायची आणि मग निघायचं. हायक्रॉसच्या हायब्रिडमध्ये तर गिअर असे पडतच नाहीत. अर्टिगाची ऑटोमॅटिक २०२२ च्या आधीची चार गिअरची आणि नंतरची सहाची, दोन्ही टॉर्क कन्व्हर्टरवाल्याच, त्यांना माझं वरचं सगळं लागू. तुमची कुठली आहे ते आधी बघा आणि मग गॅरेजला फोन करा.

आता गॅरेजचं जे नाही आवडलं ते. फोन उचलत नाहीत, चार वेळा करावा लागतो, व्हॉट्सअ‍ॅप केलेलं बरं. बसायला दोन प्लास्टिकच्या खुर्च्या आणि बायकांसाठी टॉयलेटची सोय अजिबात नाही, ही मोठीच अडचण आहे कारण हे काम तासाभराचं नसतं आणि उभं राहून बघा म्हणतात तेच. मी त्यांना तोंडावर सांगितलंय, करू म्हणालेत. गॅस्केट मुंबईहून यायला वेळ लागला तेव्हा आपणहून कळवलं नाही, मीच विचारल्यावर सांगितलं, तोपर्यंत आम्ही रिक्षाने. पिकअप-ड्रॉप नाही. बिल मात्र जीएसटीसकट पक्कं, प्रत्येक पार्टचं वेगळं, आणि फाटलेला माउंट, जुना स्ट्रेनर पिशवीत घालून परत दिले. एकूण खर्च माउंट, दोन वेळचं ऑइल, गॅस्केट, स्ट्रेनर आणि मजुरी धरून असेंब्लीच्या अंदाजाच्या दहाव्या हिश्श्याच्या थोडा वर गेला.

रिझल्टबद्दल. दिवाळीला सात जण आणि वर फराळाचे डबे घेऊन वाईला गेलो. पुण्याहून जाताना खंबाटकीचा घाट चढून गेलो, तिथेच पूर्वी तिसरा-चौथा, तिसरा-चौथा अशी गाडी घुटमळायची आणि प्रत्येक वेळी दणका. काकांनी सांगितल्याप्रमाणे चढाला मॅन्युअल मोडमध्ये टाकून तिसरा धरून ठेवला, गाडी एका दमात वर गेली, आरपीएम कुठे उडाला नाही. सुरूर फाट्याला चहाला थांबलो तर सासरे स्वतःहून म्हणाले, आज गाडी वेगळी वाटतेय. पाचगणीहून पसरणी उतरतानाही दुसरा-तिसरा धरून उतरले, ब्रेकवर कमी पाय आणि गिअरबॉक्सलाही उगाच वर-खाली करायला लागलं नाही. दुसऱ्या-तिसऱ्याचा दणका पूर्ण गेलाय. आर टाकताना जो धप् यायचा तो गेलाय. सकाळी अगदी गार गाडीत थांबता थांबता दुसऱ्यातून पहिल्यात येताना किंचित हिसका अजून जाणवतो, तो मी त्यांना दाखवला, चालवून बघितला त्यांनी, म्हणाले एवढ्यासाठी व्हॉल्व्ह बॉडीला हात लावायला मी सांगणार नाही, पुढच्या ऑइलला बघू. काम काढायची संधी होती आणि काढलं नाही, त्यामुळे माझा विश्वास आणखी बसला.

ज्यांना जायचंय त्यांनी आदल्या दिवशी मेसेज टाका, सकाळी लवकर जा, गाडी जवळ कुठेतरी रात्री लावता आली तर उत्तम कारण पिंपरी-चिंचवड पार करून गेलात तर गाडी गरमच पोचते आणि मग ते दुपारपर्यंत गार व्हायला लावतात. आणि रोज जो गाडी चालवतो त्यालाच पाठवा, पहिला तास सगळा त्याच्याच सांगण्यावर चालतो.